कागदावरची भाची

आनंदरावांनी खोलीची लाईट तोडली, तरी करिश्माला आधी राग आलाच नाही. तिला वाटलं, मामा रुसलेत, दुपारपर्यंत जोडतील. भाबडी ती भाबडीच!

शिक्रापुरात आनंदरावांच्या बारा खोल्या. दौंडकडून आलेल्या करिश्माला ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "भाडेकरू कसली, भाचीच तू माझी." पोरीला सख्खा मामा नव्हता, ती विरघळली. भाडं रोख द्यायची. मामाकडं पावती मागतं व्हय कुणी? मागच्या साली मीटर तपासायला साहेब आले, तवा आनंदराव हळूच म्हणाले, "भाची हाय म्हण, न्हाईतर धंद्याचं मीटर लावतील." करिश्मानं कौतुकानं त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर सही ठोकली: मी यांची भाची, भाडं देत नाही.

मग तिचा नवरा भारत कंपनीच्या शेडवरून पडला. कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला लावली. तिची विजेवरची मोटार चालू असली की गादी फुगलेली राहायची आणि पाठीला जखमा होत नसत. त्यातच एका ठेकेदाराला तिची रस्त्याकडची खोली दुकानासाठी हवी झाली. "ह्याला गावाकडं ने," आनंदराव म्हणाले. "दवाखाना हितंच हाय, मामा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वायर तुटली, नळाला बूच बसलं. शेजाऱ्यांनाही दम मिळाला, "हिला वायर दिली तर तुमचीबी तोडीन."

गादी चपटी झाली. करिश्मा दर दोन तासांनी भारतला कुशीवर वळवायची, हापशाचं पाणी आणून पुसायची. चौथ्या दिवशी माकडहाडापाशी कातडी काळी पडली. त्याला दुखतसुद्धा नव्हतं बिचाऱ्याला.

ती चौकीत गेली. आनंदरावांनी तिथं तोच सहीचा कागद पुढं केला. "घरातलं भांडण घरात मिटवा," हवालदार म्हणाले. मामानं केसानं गळा कापला होता!

शिरूरच्या वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "करार नसला तरी भाडेकरूची लाईट तोडता येत नाही. पण कायदा भाडेकरूला आहे, ताई, भाचीला नाही. आधी तेच सिद्ध करावं लागेल." कोर्टात अर्ज दिला. तारीख पडली बारा दिवसांनी.

जखमेचं विष रक्तात गेलं. सरकारी दवाखान्यात नेलं, पण तारखेच्या दोन दिवस आधी भारत गेला.

दहाव्याला आनंदराव साडी घेऊन आले. दुखवट्याची साडी मामानं आणायची, ही रीत. चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "घे पोरी, मामाचं कर्तव्य हाय."

करिश्मानं साडीला हात लावला नाही.

"मी कोण हाय तुमची? भाडेकरू. एवढंच म्हणा हितं, सगळ्यांदेखत. मग ठेवा साडी."

आनंदरावांनी इकडंतिकडं पाहिलं.

"म्हणा की! सही घेताना तोंड लई गोड होतं. आता काय दातखीळ बसली? पुढच्या तारखेला कोर्टात मी म्हणणारच हाय."

आनंदरावांनी साडी काखेत मारली आणि ते गाडीकडं निघाले.