थांबून राहिलेला राक्षस

सास्तूरमध्ये कृष्णराजच्या उजव्या हाताची चर्चा दोनदा झाली. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा हळहळत.

कौतुक होतं ते वेगाचं. 'ऑर्वेन' नावाच्या व्हिडिओ गेमचे सहाच्या सहा भाग या गड्यानं पालथे घातले होते. एक तलवारबाज, त्याचे तीन सोबती, अनोळखी मुलूख आणि दर खिंडीत कुणीतरी अक्राळविक्राळ वाट अडवून बसलेलं, असा तो खेळ. आपण त्या तलवारबाजाच्या अंगात शिरायचं आणि त्याला वाढवत न्यायचं. गोष्ट दर भागात नवी असायची आणि खेळायची रीत आधीपेक्षा वेगवान. पहिल्या भागात नुसता वार करायचा, दुसऱ्यात समोरच्याचा चुकवायचा, तिसऱ्यात ढालीवर झेलायचा, आणि सहाव्यापर्यंत हे सगळं पापणी लवायच्या आत उरकायचं. कृष्णराज ते असं उरकायचा की बघणाऱ्याला त्याची बोटं दिसायचीच नाहीत. लोहाऱ्याची, उमरग्याची पोरं मोटारसायकली घेऊन मुद्दाम बघायला यायची. दिवसभर हरभऱ्याला पाणी देऊन आलेला हा माणूस पायाचा चिखल न धुताच टीव्हीपुढं बसायचा आणि राक्षस लोळवायचा.

शेजारी त्याची धाकटी बहीण महेश्वरी असायची. आपल्याला खेळण्यापेक्षा दादाचं खेळणं बघायला आवडतं, असं ती सांगायची. खरं तर 'तू खेळतेस का' असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग ऑर्वेनवाल्या कंपनीनं जाहीर केलं की सातव्या भागात खेळायची रीतच बदलणार. आता वेग नाही. आळीपाळीनं खेळायचं. आधी आपला डाव, मग शत्रूचा. आपण काय करायचं ते ठरवेपर्यंत समोरचा जागचा हलणार नाही. झालं! जगभरच्या शौकिनांचं पित्त खवळलं. 'तेच तेच किती दिवस देणार' म्हणून सहाव्या भागाला नावं ठेवणारे हेच लोक, आता 'जुनंच बरं होतं' म्हणून गळे काढू लागले. कृष्णराजनं तर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये ठणकावून लिहिलं, "ऑर्वेन मेला. ही असली थांबून थांबून खेळायची थेरं म्हातारीकोतारी करतील. सातव्याला म्या शिवणार न्हाय." त्यावर पन्नासेक अंगठे आले.

त्यानंतर ज्वारीचा कडबा घरात आला आणि कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा हात गेला. अंगठा राहिला, करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं पेरापाशी गेली.

जखम भरली, पण माणूस उतरला. तो हात टॉवेलात गुंडाळून मांडीखाली ठेवायची त्याला सवय लागली. जेवायचा डाव्या हातानं, तेही भिंतीकडं तोंड करून. आईनं, कमलबाईनं, एकदा जखम बघू म्हणून हात पुढं केला तर ताट सारून उठला. तेव्हापासून तिनं तो विषय काढला नाही.

महेश्वरीनं मात्र एक गोष्ट बघितली होती आणि ती कुणाला सांगितली नव्हती. एका दुपारी घरचे रानात असताना ती कॉलेजातून लवकर आली. दार लोटलेलं होतं. आत कृष्णराज सहावा भाग लावून बसला होता. या खेळात ढाल उचलायचं बटण उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाखाली येतं, आणि ते बोटच नव्हतं. पहिल्याच वेशीवरचा पहारेकरी, ज्याला शेंबडं पोरही पाडतं, तो कृष्णराजला पाडत होता. पुन्हा पाडत होता. पुन्हा. महेश्वरी पावलं न वाजवता मागं सरकली, रस्त्यापर्यंत गेली आणि मोठ्यानं खोकत परत आली. तोवर टीव्ही बंद झाला होता आणि खेळायचा रिमोट धान्याच्या कणगीच्या मागं गेला होता.

म्हणून सातवा भाग बाजारात आल्याचं कळताच, ज्या बदलापायी सगळं जग बोटं मोडत होतं, त्यावर अख्ख्या जगात एकटी महेश्वरी हरखून गेली असेल. समोरचा थांबणार होता! तिनं पुण्यातल्या मामेभावाला, शिवराजला, फोन केला. डिस्क एसटीच्या पार्सलनं उमरग्याला आली. ती बघून कृष्णराजच्या कपाळाला आठी पडली.

"ग्रुपवर म्या काय लिवलंय ठाव हाय ना तुला?"

"ठाव हाय की. तू कशाला खेळतूस? म्या खेळणार हाय."

"तू?"

"व्हय, म्या. का? माझ्या हाताला काय झालंय?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण कृष्णराज नुसता भिंतीकडं वळून बाजेवर आडवा झाला.

रविवारची दुपार होती. महेश्वरी खेळू लागली आणि काय खेळली म्हणता! पुलावरून जायचं सोडून ओढ्यात शिरली. जखम बरी करणाऱ्या वैदूला तिनं थेट लांडग्यांच्या पुढ्यात उभं केलं. लांडग्यांनी आपला डाव आल्यावर त्याचं जे करायचं ते केलं. बाजेवरून कण्हल्यासारखा आवाज आला.

"ढालकऱ्याला म्होरं घे की."

"तू झोपलायस न्हवं?"

"झोपलोयच म्या."

थोड्या वेळानं झोपलेला माणूस कुशीवर वळला. आणखी थोड्या वेळानं उशी दुमडून डोक्याखाली उंच झाली. तिरंदाजाला टेकाडावर ठेव, तिथनं बाण लांब जातोय, असंही झोपेतच सांगून झालं. महेश्वरीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. वळले तर हा पुन्हा भिंतीकडं तोंड करील, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

आणि मग खिंड आली. खिंडीत तो होता.

प्रत्येक भागात तो असायचाच. पोरांनी त्याचं नाव डोंगऱ्या ठेवलं होतं. अंगावर झाडंझुडपं वाढलेला, टेकडीएवढा राक्षस. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत कृष्णराजनं त्याला किती वेळा लोळवलं याची गणती नव्हती. आताही तो जमीन हादरवत आला, उपटलेलं झाड त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, महेश्वरीनं डोळे मिटले.

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले. झाड तसंच वर होतं. डोंगऱ्या थांबला होता. महेश्वरीचा डाव होता आणि तो तिची वाट बघत होता.

थांबला होता म्हणजे चित्र गोठलं नव्हतं. त्याची छाती वरखाली होत होती. पायाशी गवत वाऱ्यानं झुकत होतं. वर धरलेल्या झाडाच्या मुळांतून माती अजून भुरभुर गळत होती. महेश्वरीनं बटण फिरवलं तसं चित्र हळूहळू वर चढत गेलं. गुडघे, मग कमरेवरचं शेवाळ, मग खांदे. खांद्याच्या बेचक्यात एक घरटं होतं आणि त्यात एक पाखरू पिलांना भरवत होतं. मग डोंगऱ्याचं तोंड आलं.

बाज करकरली. कृष्णराज उठून बसला होता.

"थांब," तो म्हणाला. "तिथंच थांब. हलवू नको."

तोंड म्हाताऱ्याचं होतं. भुवया पांढऱ्या. एका डोळ्यावर फूल पडलेलं. दुसरा डोळा ओला, आणि त्यात खाली उभी असलेली चार माणसं मुंगीएवढी दिसत होती. रागाचा मागमूस नव्हता त्या तोंडावर. नुसता थकवा होता.

"महे," कृष्णराजचा आवाज खाली आला होता, "सहा भाग झालं गं. याचं तोंडच कधी बघितलं न्हाय म्या. नुसतं पायात घुसायचं, मारायचं, पळायचं. वर बघायला सवड कुणाला व्हती? हे घरटं... हे पयल्यापासनं असंल का गं?"

"काय म्हायत. असंल बी."

तो खाली उतरून जमिनीवर तिच्या शेजारी येऊन बसला. लहान पोरानं जत्रेत बघावं तसा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"किती येळ थांबंल हा?"

"तू म्हणशील तवर."

"म्या रानात जाऊन आलो तर?"

"तरी थांबंल."

कृष्णराजनं पुन्हा वर बघितलं. एवढं धूड, एका फटक्यात चौघांना चिरडील असं, आणि ते झाड डोक्यावर धरून आपला विचार व्हायची वाट बघतंय. आयुष्यात कशानं कधी वाट बघितली होती त्याची? कुट्टीच्या यंत्रानं तर डोळ्याचं पातं लवू दिलं नव्हतं. महेश्वरीनं हळूच त्याच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता.

तेवढ्यात कमलबाई रानातून आली. डोक्यावरचा भारा अंगणात टाकून ती पाणी प्यायला आत आली. बघते तर काय, लेकरं दोन्ही आ वासून बसलेली आणि टीव्हीवर एक ध्यान लाकूड उचलून जागच्या जागी उभं. ती हंड्यापाशी गेली, गडूभर पाणी प्याली, परत आली. ध्यान तसंच.

"बंद पडलंय की गं हे," ती म्हणाली. "आन् लाईट फुकट जळायलीय." असं म्हणत तिनं भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला. तिचंही खरंच होतं. घरात जे हलत नाही ते बंद पडलं, एवढंच तिला ठाऊक.

"आई! हात लावू नको!"

कृष्णराज असा उसळला की टॉवेल जमिनीवरच राहिला. त्यानं तिचं मनगट बटणापाशीच धरलं. "बंद न्हाय पडलं. माझ्यासाठी थांबलाय त्यो. डाव चालू हाय माझा!"

धरलं होतं ते उजव्या हातानं. त्याच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिघंही त्या हाताकडं बघत राहिली. अंगठा आणि करंगळीनं आईचं मनगट घट्ट वेढलं होतं आणि मधे ती तीन थोटकं. महेश्वरीला वाटलं, आता हा हात ओढून घेणार, आता टीव्ही बंद होणार, आता सगळं कणगीच्या मागं जाणार.

कमलबाईनं दुसऱ्या हातानं ती थोटकं चाचपली, भाकरी भाजली का बघावं तशी.

"जखम चांगली भरलीय की रं," ती म्हणाली. मग टीव्हीकडं मान उडवून, "थांबलाय तर मग बस जा. त्याला बी अवघडायलं असंल." आणि ती भारा सोडायला बाहेर गेली. दाराबाहेर गेल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला तो महेश्वरीला दिसला, कृष्णराजला नाही.

तो परत येऊन बसला. मग महेश्वरीच्या हातातला रिमोट त्यानं घेतला आणि मांडीवर टेकवला. डावा हात एका बाजूला, उजवा अंगठा बटणांवर. एवढंच लागत होतं. दुसरं काही लागतच नव्हतं.

आणि तो विचार करू लागला. ढालकरी पुढं घ्यावा तर वैदू उघडा पडतो. तिरंदाजानं डोळा फोडावा तर... इथं तो अडखळला. डोळा नको, म्हणाला. घरट्याच्या बाजूनंही नको. महेश्वरीनं कधी न बघितलेला भाऊ तिच्यापुढं बसला होता. याचे हात तिनं जन्मभर बघितले होते. त्याला विचार करताना ती आज बघत होती, आणि तिला त्या राक्षसाइतकंच त्याचंही नवल वाटत होतं. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. डोंगऱ्या श्वास घेत उभा होता.

शेवटी कृष्णराजनं तलवारबाजाला डोंगऱ्याच्या डाव्या पायावर घातलं आणि अंगठा दाबला.

घाव बसला. डोंगऱ्या डगमगला, गुडघ्यावर आला. पण मग त्याचा डाव होता. त्यानं ते झाड आडवं फिरवलं आणि ढालकरी, वैदू, तिरंदाज, तलवारबाज, चौघेही एका रेषेत उभे असल्यानं एकाच फटक्यात दरीत गेले. पडदा काळा झाला.

पहारेकऱ्यापुढं तो हरत राहिला ती दुपार महेश्वरीच्या डोळ्यांपुढून हलेना. ती त्याच्याकडं बघेचना.

"महे."

"काय?"

कृष्णराज आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरून, उलटासुलटा करून बघत होता.

"हात न्हाय चुकला गं," तो म्हणाला. "डोकं चुकलं."