फिरत्या घरातलं पहिलं पाऊल

नोकरी सोडून प्रफुल्लने व्हॅनचंच घर केलं, तेव्हापासून त्याच्या बायकोला, मैत्रेयीला, एकच घोर लागला होता. त्यांचा मुलगा संघदीप सव्वा वर्षाचा झाला, पण चालेना.

मुकुटबनजवळच्या बंजारा तांड्यावर व्हॅन थांबली. प्रफुल्ल कपाशीसमोर मोबाइल धरून जगाला ‘मोकळं जगणं’ शिकवू लागला.

तांड्यातली जमनी व्हॅनमध्ये डोकावली. "आमचे आजे बैलावर संसार लादून हिंडत. घर झालं तवा थांबले. तुम्ही काहून निंगाले, बाई? लेकराले पाय टाकाले जागा तरी हाये का?"

तिने संघदीपला आपल्या सारवलेल्या अंगणात उभं केलं. तो डगमगला आणि थेट कोंबडीमागे चालत सुटला.

"प्रफुल्ल, बघ! चालला!"

"हळू गं, रेकॉर्डिंग चालू आहे."

मैत्रेयीने व्हॅनची किल्ली मुठीत घट्ट धरली. "मावशी," तिने जमनीला विचारलं, "इथं खोली मिळेल का भाड्यानं?"