मालकीण आणि पाहुणा

या, जरा जवळ सरका. हात-हात अंतर सोडून बसायचे दिवस गेले आता. एक गोष्ट सांगतो. तीत राजा नाही, साधू नाही; कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई आहे. पण ऐकता ऐकता हात आपोआप जोडले गेले, तर मला बोल लावू नका.

टेम्पो गल्लीत उभा होता. त्यावर पलंग, पलंगावर गाद्या आणि सगळ्यांच्या वर इस्त्रीचे टेबल उलटे टाकलेले, चारही पाय आभाळाकडे. शेजारी खुर्चीवर त्या बाईंचे, आमच्या ताईंचे, यजमान छातीला हात लावून बसले होते. ताई तळमजल्याच्या दाराशी उभ्या होत्या. ते घर आदल्या दिवशीच त्यांच्या नावावर झाले होते. आणि दार आतून बंद होते.

"काका, दार उघडा," मी म्हटले. "अकरा वाजले. टेम्पोवाला खोळंबलाय."

"नाही उघडणार," आतून आवाज आला, मागोमाग खोकल्याची उबळ. "लांब व्हा तुम्ही सगळे. सकाळी तपासणीचा फोन आला. मला झालाय तो आजार."

मी घरांचा एजंट. बावीस वर्षे हाच धंदा. कमरेला जुडगा असतो म्हणून लोक चावीवाले म्हणतात. माझ्या कामाची एक खोड होती, आणि मला तिचा भारी अभिमान होता. घेणारा आणि सोडणारा यांच्यात मी एक दिवसही मोकळा ठेवायचो नाही. दहाला रिकामे, अकराला भरलेले. साखळीतली कडी कडीत अडकली की कोणी मागे फिरत नाही, असे माझे गणित. त्या दिवशीची साखळी तीन कड्यांची होती. ताईंची चौथ्या मजल्यावरची खोली एका तरुण जोडप्याने घेतली होती, आणि सकाळी नऊलाच ते तान्हे बाळ घेऊन तिथे राहायला आले होते. ताईंनी हे तळमजल्याचे दोन खोल्यांचे घर घेतले होते. आणि ते विकणारे काका, घड्याळे दुरुस्त करणारे, दुपारच्या गाडीने लेकीच्या गावी कायमचे जायचे होते.

आता काकांची कडी तुटली होती. ताईंना मागे जायला घर नव्हते आणि पुढचे बंद होते.

ताईंनी तळमजलाच का घेतला, तेही सांगतो. यजमानांनी तीस वर्षे कोळशाच्या इस्त्रीवर काढली. छाती गेली. जिना चढताना दर मजल्यावर बसायचे. ताई म्हणायच्या, "आमचा चहा दुसऱ्या मजल्यावर आणि बातम्या तिसऱ्यावर होतात. घरी पोचेपर्यंत जग बदललेलं असतं." हा आजार नेमका छातीवर जातो हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

इमारतीचे लोक गॅलऱ्यांत जमले. चेअरमन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन थांबले, मुखपट्टी नाकाखाली.

"ह्या म्हाताऱ्याला आधी विलगीकरण केंद्रात हलवा," ते म्हणाले.

"फोन केला होता," मी म्हटले. "जागा नाही. श्वास ठीक असेल तर घरीच ठेवा म्हणतात."

"घरी म्हणजे कुठे? घर तर विकलंय त्यांनी. मग इथे कोणत्या हक्काने राहतात? चावीवाले, तुम्हीच सांगा, आजच्या घडीला ह्या घराचा मालक कोण?"

मी खाली बघितले. ताईंनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. कालची शाई.

"मी आहे मालक," त्या म्हणाल्या.

"झालं तर. मग मालकाने ठरवायचं, कोण राहणार नि कोण जाणार."

"मालकाने ठरवायचं?"

"अर्थात."

"मग नंतर शब्द फिरवू नका हं." ताई दाराकडे वळल्या. "काका, ऐकताय ना? मी ठरवलंय. तुम्ही कुठे जायचं नाही. काल घर तुमचं होतं, आज माझं आहे, म्हणून आजपासून तुम्ही माझे पाहुणे. आजारी पाहुण्याला दाराबाहेर काढायला मी काही घर घेतलं नाही."

मी अनेक घरमालक पाहिले आहेत. नवी चावी हातात आली की माणूस आधी कुलूप बदलतो. ह्या बाईने संसाराची पहिली वीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढली होती, सहा वेळा 'खोली खाली करा' ऐकले होते, एकदा तर बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी. मालकीण म्हणून तिच्या तोंडून निघालेला हा पहिला हुकूम होता.

"आणि तुमचे हे?" चेअरमन म्हणाले. "त्यांच्या छातीचं काय?"

तेव्हा मात्र ताईंचा चेहरा उतरला. त्या खुर्चीपाशी गेल्या, वाकल्या. "अहो, तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. आपण टेम्पोत झोपू, पण त्यांना काढायचं नाही, एवढंच माझं."

यजमान फार कमी बोलायचे. श्वास जपून वापरावा लागायचा. त्यांनी घराकडे पाहिले. "खिडक्या किती आहेत?" त्यांनी विचारले.

"पुढच्या खोलीला दोन," मी म्हटले. "मोठ्या."

"मग उघडा," ते म्हणाले.

व्यवस्था अशी झाली. मागची खोली काकांची. न्हाणीघर आणि मागचे दार तिकडेच. दोन खोल्यांमधले दार ताईंनी ओल्या चादरीने आणि चिकटपट्टीने बंद केले. पुढची खोली ताई आणि यजमानांची, खिडक्या चोवीस तास उघड्या. ह्या दोघांनी जायचे ते जिन्याखाली, रखवालदाराच्या न्हाणीघरात. स्वयंपाकाची शेगडी खिडकीखाली. काकांचे ताट ताई मागच्या बोळातून नेऊन स्टुलावर ठेवायच्या, दोनदा कडी वाजवून दहा पावले मागे सरायच्या, आणि ते दार उघडून ताट आत घेईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. "नुसतं ठेवून गेलं तर कुत्र्याला वाढल्यासारखं वाटतं," असे म्हणायच्या.

मी रोज भाजी आणि औषधे खिडकीत ठेवून जायचो. दुसऱ्या दिवशी ताई आतल्या दाराकडे तोंड करून ओरडताना दिसल्या.

"काका, भिंतीला एक खिळा ठोकू का? ह्यांचा सदरा अडकवायला."

आतून काका, "अहो, घर तुमचं. मला काय विचारता?"

"तुम्ही घरात असेपर्यंत विचारणार. कुठे ठोकू ते सांगा."

मग आतून, "खिडकीच्या उजवीकडे ठोका. डावीकडे भिंत पोकळ आहे. बायको असताना मी तिथे तीनदा खिळा ठोकून फसलो होतो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आता तुम्हीच तिथे लटका."

यजमान हसले आणि हसण्याने खोकले. ताई घाबरल्या. तो खोकला रोजचाच निघाला.

काकांची बांधलेली खोकी पुढच्याच खोलीत होती. एका खोक्यात सात घड्याळे, गिऱ्हाइकांनी परत न नेलेली. ती आपापल्या वेळेला आतल्या आत टोले द्यायची. यजमान खिडकीशी बसून मोजायचे.

"काका, हे खोकं आता चार म्हणतंय," ते भिंतीतून विचारायचे.

"तो टोला लबाड आहे. मधला ऐका, जाड आवाजाचा."

"तो काहीच म्हणत नाही."

"मग तोच बरोबर. अजून वाजलेच नाहीत."

दोन म्हातारी माणसे, मध्ये एक भिंत, एकाला श्वास नाही, दुसऱ्याचा आजार श्वास खाणारा, आणि दोघे घड्याळांवर वाद घालतात. मी खिडकीबाहेर भाजीची पिशवी धरून उभा राहायचो, आणि काम असूनही पाय निघायचा नाही. देवळे तेव्हा बंद होती. माझे दर्शन तिथे व्हायचे.

पण मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. चौथ्या दिवशी ती बाहेर आली. ताई बोळात भांडी घासत होत्या.

"ताई, एक सांगायचंय," मी म्हटले. "दस्ताच्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला होता. म्हणाले, अंगात कणकण आहे, दोन दिवस पुढे ढकलू या का. मी म्हटलं, तारीख पुन्हा मिळणार नाही, एक गोळी घ्या आणि या. गोळीमुळे कचेरीच्या दारात ताप दिसला नाही. तुम्ही दोघं त्यांच्याशेजारी बसला होतात. माझ्यामुळे."

ताईंचे हात थांबले नाहीत. पातेले घासून झाले, त्यांनी ते विसळले, पालथे घातले.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काकांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? त्या दिवशी तुम्ही मला फोन केलात, ताई निघालात का, ऊन आहे, सावकाश या. बावीस वर्षांत तुम्ही कोणाला सावकाश या म्हटलं नसेल. तेव्हाच कळलं, काहीतरी लपवताय."

"मग आलात कशाला?"

"मलाही घर हवं होतं ना, भाऊ." आता त्यांनी वर पाहिले. "तुम्हाला साखळी तुटायला नको होती, मला तळमजला सुटायला नको होता, काकांना लेकीकडची गाडी चुकायला नको होती. तिघांनी मिळून एक गोळी घेतली. आता तुम्ही एकटेच कशाला कडू तोंड करता?"

शिव्या दिल्या असत्या तर मी हलका झालो असतो. तिने माझा वाटा उचलून तिघांत वाटला. अशी वाटणी मी कुठल्या दस्तात वाचली नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी कडी वाजली आणि ताट आत गेले नाही. ताई दहा पावलांवर उभ्या राहिल्या, मग पाच, मग लोटलेले दार ढकलून आतच गेल्या. काका उशीला टेकून बसले होते, ओठ निळसर. लेकीच्या गावचा रस्ता बंद होता. ती फोनवर नुसती रडत होती. ताईंनी फोन काकांच्या कानाशी लावून धरला, स्वतःच्या हाताने. अंतर-बिंतर त्या वेळी राहिले नाही.

दुपारी रुग्णवाहिका आली. नखशिखांत पांढरे कपडे घातलेला माणूस पाटीवर कागद लावून विचारू लागला.

"पेशंटचा पत्ता?"

"हाच," ताई म्हणाल्या. "तळमजला. लिहा."

"राहतात इथेच?"

"चाळीस वर्षं."

"घर यांच्या नावावर आहे?"

"घर माझ्या नावावर आहे. राहतात ते."

"तुमचं नातं?"

ताईंनी मान वर केली. चेअरमन वरून बघत होते. "आमच्या घरचे," त्या म्हणाल्या.

"तसं नाही लिहिता येत, बाई. काका, मामा, सासरा, काहीतरी."

"मग काका लिहा. खोटं नाही ते."

काकांना बोळातून नेताना त्यांनी हात वर केला. निरोपाचा असेल, नाहीतर थांबा म्हणायचे असेल. ताई म्हणाल्या, "जाऊन या." आपल्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. काकांना दोन्ही म्हणायला श्वास नव्हता. त्यांनी मान हलवली.

ते परत आले नाहीत. अकरा दिवसांनी फोन आला, आणि तो ताईंनाच आला. कागदावर काका होते ना. अंत्यसंस्कार इस्पितळाच्या लोकांनी केले.

ताई आणि यजमान, दोघांना काही झाले नाही. का नाही, हे मी कोणा डॉक्टरला विचारले नाही. खिडक्या उघड्या होत्या, म्हणून असेल. कृपा म्हणतात तिलाही आत यायला कुठूनतरी जागा लागतच असेल.

दोन महिन्यांनी मी सोसायटीचे कागद द्यायला गेलो, तेव्हा टपालाने एक पाकीट आले होते. काकांच्या मृत्यूचा दाखला. चेअरमनही तिथेच होते. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"ह्यात चूक आहे," ते म्हणाले. "कायमचा पत्ता म्हणून हेच घर लिहिलंय. मरताना ते ह्या घराचे मालक नव्हते. दुरुस्त करून घ्या, उद्या भानगड नको."

"कसली भानगड? मालक कोण, असं कुठे लिहिलंय त्यात?" ताई म्हणाल्या. "राहत कुठे होते, एवढंच विचारलंय."

चेअरमन मुखपट्टी नीट वर ओढून जिना चढून गेले.

ताईंनी काकांच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, पाठवालच, पण आता वाचून दाखवा. ताई जेमतेम चौथी शिकलेल्या. दाराच्या उजेडात उभ्या राहून, अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. नाव. वय. तारीख. मग पत्ता आला. घराचा क्रमांक, तळमजला, गल्ली, सगळे त्यांनी सावकाश वाचले. पलीकडून काही विचारले गेले असावे, कारण ताई म्हणाल्या, "हो ग, आपल्याच घराचा," आणि तेवढी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही कधी नव्या घराची चावी घ्याल, आणि घेणारच, देव सगळ्यांना छप्पर देवो, तेव्हा कुलपात ती फिरवण्याआधी त्या इस्त्रीवाल्या बाईची क्षणभर आठवण काढा.