राणीचं माप

मास्तरांचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. शिलाई मशीनवर बसावं तर दोरा तुटत होता, उठावं तर घर खायला उठत होतं. टेबलावर बायकोच्या कवितेच्या पुस्तकाची प्रुफं पडली होती आणि पाच वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार होता. "हे एकदा हातावेगळं होऊ दे, मग आपलं काय ते बोलू," असं ती म्हणाली होती. आपलं काय ते म्हणजे मास्तरांनी या घरात राहायचं की नाही. अकरा वर्षं दूरदेशी कपडे बेतून ते दोन महिन्यांपूर्वी परतले, तेव्हापासून बाहेरच्या खोलीत बाकावर झोपत होते.

ती शाळेत शिकवायला गेली होती. शेवटी त्यांनी प्रुफं ओढलीच. बायकोचं लिखाण चोरून वाचू नये, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण जिवाला घोर लागला की माणूस शहाणपण गुंडाळून ठेवतो.

गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीची, त्यांनीही लहानपणी ऐकलेली. राजा लढाईला जातो, राणी त्याच्यासाठी अंगरखा शिवत बसते. बारा वर्षांनी एक फाटका माणूस वेशीशी येतो, म्हणतो मीच राजा. अंगरखा त्याला नेमका बसतो आणि ओळख पटते. बायकोने कवितेत ती पार उलटी केली होती. तिचा राजा ऐटीत येतो, भरदार छातीने सगळा दरवाजा अडवतो, आणि अंगरखा तोच आणतो, राणीसाठी, आठवणीतल्या मापाने शिवलेला. मग पानांमागून पानं तो अंगरखाच. बाह्या म्हणजे त्याची पत्रं, कोपरापाशीच संपणारी. बटणं म्हणजे दिलेली वचनं, काजांपर्यंत न पोचणारी. शेवटी राणी अंगरख्याची घडी घालते.

हा मला नाही, राजा.
जिला सोडून गेलास, तिला बसला असता.

आणि दरवाजा लावून घेते.

मास्तरांना आधी राग आला, तो कारागीर म्हणून. पेन्सिल घेऊन त्यांनी समासात लिहिलं, 'शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडलेलं असतं. उसवून सैल करता येतं. कोणताही शिंपी करून देईल.' लिहून झालं आणि पेन्सिल हातातच राहिली. समोर खुंटीला निळं जाकीट लटकत होतं.

आल्या आल्या त्यांनी ते तिच्यासाठी शिवलं होतं, जुन्या वहीतल्या मापावरून. परक्या गिऱ्हाइकाचंही दोनदा माप घेणारा माणूस, पण बायकोचं एकदाही घेतलं नाही. झोपेत विचारलं तरी सांगेन, ही घमेंड. तिने ते अंगात घातलं, "छान आहे" म्हणाली आणि खुंटीला अडकवलं, ते आजतागायत. आणि हे महाशय समजत होते, तिला रंग आवडला नसेल. गाढवपणालाही काही सीमा असते की नाही?

चार वाजून गेल्यावर ती आली. समासात पेन्सिलीने लिहिलेलं तिने उभ्या उभ्या वाचलं.

"वाचलंत तर."

"वाचलं. चुकलंच माझं. जाकिटाचं म्हणतोय." त्यांनी गळ्यातला टेप काढला. "माप घेऊ का? नव्या पानावर लिहितो. मग जा म्हणालीस तर जाईन."

तिनेच हात पुढे करून टेप घेतला.

"आधी तुमचं. हात वर करा."

जन्मभर दुसऱ्यांना हात वर करायला लावणारे मास्तर आता स्वतः अवघडून उभे राहिले. तिने छातीभोवती टेप धरला, आकडा पाहिला आणि टेप काढून पुन्हा लावला.

"छत्तीस? तुमची चाळीस होती ना?"

"होती."

"मग हे सदरे?"

"चाळीसचेच शिवतो अजून. सवय." ते खाली बघत म्हणाले, "पाचव्या वर्षी आजारी होतो, चार महिने. पत्रात काय लिहायचं ते."

तिने त्यांच्या सदऱ्याची सैल बाजू चिमटीत धरली आणि ती सोडायचं तिला सुचेना. तिचे डोळे भरले होते. मास्तरांनी हात अजून खाली घेतले नव्हते.

तेवढ्यात बेल वाजली. तिने जाऊन दार उघडलं.

"आज नाही देता यायची प्रुफं," ती छापखान्याच्या माणसाला म्हणाली. "राजाचं माप चुकलंय."