बैठकीविना घर

मिनी मंगळवारी गेली. दफन शनिवारी ठरलं, कारण तिच्या बापाच्या, वॉल्टरच्या, कारखान्याला अर्धी सुट्टी त्याच दिवशी. मधले चार दिवस पोरीला ठेवायचं कुठे, हे तिच्या आईला, हेस्टर टलीला, कळेना.

लंडनच्या कोंदट तीन खोल्यांतली पुढची खोली, म्हणजे बैठक, हेस्टर कायम बंद ठेवायची. ती उघडायची पाहुण्याला आणि मयताला. तिची आई गेली तेव्हा तिथेच, लोटलेल्या दाराआड, शांतपणे चार दिवस निजली होती. मग मिनीच्या छातीसाठी डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत जा. म्हणून दोन वर्षांपूर्वी ते कामगारांसाठी झाडीत वसवलेल्या या नव्या उद्याननगरीत आले. इथली घरं जोडीजोडीनं, मधल्या भिंतीला पाठ लावून उभी. एक डावं, एक उजवं. बैठक मात्र कुठल्याच घराला नव्हती. आराखडा काढणारे साहेब म्हणाले होते, "चांगली खोली कुलपात ठेवायची नि आपण मागे धुरात राहायचं, ही खोड मोडायला हवी." खाली एकच मोठी खोली, दोन्हीकडून ऊन. वॉल्टरनं फळ्यांची आडभिंत घालायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली.

जिना इतका वळणाचा, की शवपेटी वर जाईना. ती जेवणाच्या टेबलावर ठेवावी लागली. पुढचं दार उघडलं की समोर मिनीच. लंडनहून आणलेले पडदे या रुंद खिडकीला दोन्ही कडांना वीतभर कमी पडत होते.

"तुम्ही दोघं जेवायला माझ्याकडेच या," शेजारच्या पिनकबाई म्हणाल्या.

वॉल्टर गेला. हेस्टर उठली नाही. "तिला एकटी टाकून कशी येऊ? तिच्या खोलीला दार असतं तर लावून आले असते."

गुरुवारी दुपारी फाटक वाजलं. आदर्श घरं पाहणारी मंडळी. दर गुरुवारी यायची, खिडकीला नाक लावून बघायची. हेस्टर पडद्याच्या एका फटीसमोर उभी राहिली; एक बुजली, दुसरी उघडी पडली.

बाहेर पिनकबाईंचा आवाज चढला. "तिकडे नाही, इकडे या! तेच घर आहे, नुसतं उलटं. काय विचारलंत? आमच्यासारखी माणसं न्हाणीच्या टबात कोळसा ठेवतात म्हणे, तशी मी ठेवते का? नाही हो साहेब, नवरा ठेवते!"

हसत हसत मंडळी शेजारी शिरली.

मधली भिंत जेमतेम साडेचार इंचांची. इकडचं आणि शेजारचं, दोन्ही टेबलं त्या भिंतीलाच लागून. मिनीच्या उशाशी बोलावं तसा पाहायला आलेल्यांतल्या एका बाईंचा आवाज आला, "बघा, सगळं आयुष्य या एका खोलीत. आणि हवा केवढी! इथं मुलं कशी फुलासारखी वाढतात!"

कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

हेस्टरनं खिडकी सोडली. पेटीवर वाकून तिनं दोन्ही तळव्यांनी मिनीचे कान झाकले, आणि पलीकडचे आवाज थांबेपर्यंत ते तसेच दाबून धरले.