माझ्या खोळीतलं दुखणं

दाराआडच्या खिळ्याला टांगलेली, पोट खपाटीला गेलेली लाल रबरी पिशवी तुमच्याही घरात कुठेतरी असेल. मित्रांनो, मी त्यांतलीच एक, गरम पाणी भरून शेकायची. बेल्ह्याजवळच्या वस्तीवर झुंबरबाईंच्या घरात माझा सारा जन्म गेला.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. रबराचा उग्र वास आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच. खरा उजेड दिसला तो जुन्नरच्या पेठेत, अकबरभाईंच्या दुकानात. झुंबरबाईंनी मला फुंकर मारून फुगवलं, कानाशी धरलं, कुठून हवा गळते का ते ऐकलं आणि मगच घेतलं. मडकं वाजवून घ्यावं तशी मी पारखून घेतलेली आहे, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढची वर्षं मला बसायला उसंत नव्हती. त्यांच्या मुलाचं, सुदर्शनचं, पोट दुखलं की मी. शेजारच्या अंबाबाईंचे गुडघे धरले की मी. वस्तीवरच्या किती बाळंतिणींच्या कंबरा मी शेकल्या असतील! "झुंबरबाईची पिशवी आणा," एवढं म्हटलं तरी निम्मं दुखणं पळतं, असं लोक म्हणायचे. एकच माणूस मला कधी अंगाला लावत नव्हतं, ते म्हणजे खुद्द झुंबरबाई. बेल्ह्याच्या बाजारादिवशी बैलांच्या व्यापाऱ्यांना पिठलं-भाकरी घालायला त्या दिवसभर चुलीपुढे उभ्या असत. संध्याकाळी पाय सुजून भोपळा झालेले असत. तरी मला खिळ्यावरून काढत त्या दुसऱ्या कुणासाठी. "दुखणं बोलून दाखवलं की डोक्यावर बसतं," असं त्या म्हणायच्या.

मग घरात सून आली, अश्विनी. गुणी पोर. तिने जुन्या लुगड्याची मऊ खोळ शिवून मला घातली. पण पुढे तिनेच विजेवर तापणारी पिशवी आणली आणि मी खिळ्यावर गेले ती गेलेच. वाईट वाटलं. पण झुंबरबाईंनी माझा वेगळाच उपयोग काढला. त्यांना मिश्रीची सवय होती. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. आमच्याकडे ती हिरड्यांना चोळल्याशिवाय कित्येक बायकांची सकाळ होत नाही. अश्विनीने ती सोडायची शपथ घातली होती. शपथ झुंबरबाईंनी घेतली आणि डबी माझ्या खोळीत ठेवली.

यंदा त्यांची अक्कलदाढ आतल्या आत किडली. "या वयात अक्कल आली का गं झुंबरा?" म्हणून अंबाबाईंनी चेष्टा केली, पण गाल सुजायला लागला तसं हसणं थांबलं. अश्विनीने त्यांना आळेफाट्याला रूही डॉक्टरांकडे नेलं. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली. वर टाके पडले. घरी आल्यावर अश्विनीने सगळ्यांपुढे डॉक्टरांचं सांगणं पुन्हा सांगितलं.

"आज गार शेकायचं. जोरात चूळ भरायची न्हाई, थुकायचं न्हाई. खड्ड्यात रक्ताची गाठ धरती, ते जखमेचं झाकण. ते निघालं की हाड उघडं पडतं. मिश्रीचं तर नाव काढायचं न्हाई. आणि जेवल्यावर गोळ्या येळेवर घ्यायच्या. दुखायची वाट बघायची न्हाई. कळलं ना, आत्या?" सासूला ती आत्या म्हणते.

झुंबरबाईंनी मान हलवली. थोड्या वेळाने खुणेने मला मागितलं.

"पाणी भरू नगं," त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. "नुसतीच दे. उशाशी बरी वाटती."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी बाईंना माझी आठवण आली होती. पण अश्विनी स्वयंपाकघरात वळली आणि बाईंची बोटं माझ्या खोळीत शिरली, डबीचं झाकण उघडलं. चिमूटभर मिश्री थेट जखमेशी. गोळीच्या वेळी अश्विनीने हातावर ठेवलेली गोळी त्यांनी तोंडात धरली आणि तिची पाठ वळताच तीही माझ्या खोळीत सरकवली. "उष्ण पडत्यात," असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पुढचीही तशीच. त्याच्या पुढचीही.

मी शेकायची वस्तू, मला जीभ नाही. ते दिवस मी फार कष्टाने काढले. सूज उतरण्याऐवजी कळ वाढली. ती कानापर्यंत चढली, तोंडाला वास मारायला लागला, पेजेचा घोटही जाईना. बाईंची मान माझ्यावर टेकलेली असायची, आणि कळ आली की त्या मला पिळून धरायच्या. तोंडातून मात्र हूं की चूं नाही. टाके घातल्या तोंडाने बाजाराला जायचं कसं, ही काळजी त्यांना वेगळीच होती.

सुदर्शन चिडला. "त्या डॉक्टरणीनंच कायतरी बिघडवलं. जाऊन विचारतोच."

"गोळ्या येळेवर चालल्यात, तरी उतार कसा न्हाई?" अश्विनी रडकुंडीला आली होती. "एका टायमाला दोन-दोन देऊन बघते. हे बघवत न्हाई."

मला धडकी भरली. पोटात अन्न नाही, आणि आता बाईंना नजरेसमोर बसवून गिळायला लावलं, तर दुप्पट गोळ्या जाणार होत्या. पण त्याआधी अश्विनीला बुद्धी झाली आणि तिने फोन लावला. दुप्पट मुळीच देऊ नका, लगेच घेऊन या, रूही डॉक्टर म्हणाल्या. जबडा आखडला असेल तर निघेपर्यंत बाहेरून कोमट शेकलं तरी चालेल.

लाईट गेलेली होती. विजेची पिशवी मेल्यासारखी पडली होती. अश्विनीने माझ्याकडे हात केला.

"राहू दे गं ती," झुंबरबाईंनी मला छातीशी आवळलं.

"खोळ काढून पाणी भरते, आत्या. पाचच मिनिटं."

तिने ओढलं आणि खोळ निघाली. डबी फरशीवर पडून उघडली, काळी पूड सांडली, आणि तिच्यात पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. सुदर्शनच्या हातातली टेंपोची किल्ली हातातच राहिली. अश्विनी खाली बसली आणि एकेक गोळी वेचू लागली.

"मी दुप्पट देणार व्हते," ती हळू म्हणाली. "कशापायी केलं असं?"

झुंबरबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "मिश्रीनं बधिर व्हतंय. आणि दाढेपायी गोळ्या कशाला खायच्या? ह्या सुदर्शनच्या बाळंतपणात दोन दिस अडले व्हते. सासू उंबऱ्यात बसली व्हती, म्हणून वरडले न्हाई."

"आता सासू न्हाई बसलेली," अश्विनी म्हणाली. "मी बसलेय."

झुंबरबाईंनी तिच्याकडे तोंड वळवलं. आणि इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"दुखतंय गं. लई दुखतंय."

रूही डॉक्टरांनी जखम धुतली, खड्ड्यात औषधाचा बोळा भरला. रागावल्या नाहीत, पण झाकण निघून गेलंय, आता भरायला वेळ लागेल, असं स्पष्ट सांगितलं. तसंच झालं. बेल्ह्याचा बाजार बाईंवाचून भरला. गोळी आता त्या पेज पिऊन, अश्विनीसमोर घेतात. जबड्याला मी असते, कोमट, साध्या पंच्यात गुंडाळलेली. कळ अजून येते. तेव्हा त्यांची बोटं सवयीने माझ्या अंगावर खोळीचं तोंड शोधतात. ते सापडत नाही, मग त्या सुनेला हाक मारतात.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. रबर आहे, आज ना उद्या विरणारच. पण तुमच्या घरातही सगळ्यांना शेक देणारं एखादं माणूस असेल. त्याच्याजवळ बसा आणि तुझं काय दुखतंय ते विचारा. ते म्हणेल, काही नाही. तेवढ्यावर उठून जाऊ नका.