ताईच्या दाताचा रंग

लॅबवाला खोटे दात बनवायचा, आणि रंगाच्या बाबतीत त्याच्या नावाला कधी बट्टा लागला नव्हता. तो लागला सख्ख्या बहिणीमुळे. ताई जिन्यात पडली आणि तिचा समोरचा दात गेला. सोमवारी तिला मुख्याध्यापिका म्हणून पहिल्यांदाच शाळेपुढे बोलायचं होतं, आणि महिनाभर ती तोंडावर रुमाल धरून वावरत होती.

डेंटिस्टने तिच्या बाकीच्या दातांचा फोटो पाठवला. त्यावरून केलेला दात पिवळा निघाला. दुसरा इतका पांढरा झाला की डेंटिस्ट फोनवर नुसतं "बाथरूमची फरशी" म्हणाला.

दोष स्क्रीनचा, हे लॅबवाल्याने ताडलं. त्याने रंग मोजायचं यंत्र आणलं, आपला मॉनिटर जुळवला, मग जाऊन डेंटिस्टचाही जुळवला. तरी तोच फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये गुलाबी, दुसऱ्यात राखाडी, आणि मोबाइलवर ताई टूथपेस्टच्या जाहिरातीत खपली असती.

"फोटोत नमुन्याची पट्टी का नाही धरली?" त्याने विचारलं. नंबर घातलेले नमुन्याचे दात फोटोत शेजारी असले, की स्क्रीन खऱ्या दाताचा आणि नमुन्याचा रंग सारखाच बिघडवते, आणि जुळणारा नंबर तरीही कळतो.

"फोटो चांगला दिसत नाही त्याने," डेंटिस्ट म्हणाला. "आणि तुमची बहीण दोन गल्ल्या सोडून राहते ना? स्वतःच जा की."

हेच तर अवघड जागेचं दुखणं होतं. वडिलांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं, त्याला तीन वर्षं झाली. लॅबवाल्याला ताईची फार आठवण यायची, पण पहिलं पाऊल तिनेच टाकायला हवं, असं त्याचं ठाम मत होतं. ताईचंही होतं.

शनिवारी दुपारी तो पट्टी घेऊन गेला. ताईने दार उघडलं.

"खिडकीपाशी बस," तो म्हणाला.

ती बसली, रुमाल काढला. त्याने एकेक नमुना तिच्या दाताशी धरला. नवव्या नंबरला फरक दिसेना.

ताईने पट्टी त्याच्या हातातून घेतली, तोच नमुना त्याच्या दाताशी धरला आणि नीट पाहिलं.

"तुझाही हाच आहे."

त्याने आरशात पाहिलं. खरंच होतं. जुळणारा रंग आपल्याच तोंडात असताना आणलेल्या यंत्राची त्याला आठवण झाली आणि भरूनही आलं.

"हे आधीच बघायला हवं होतं," तो म्हणाला.

"किती आधी?"

"तीन वर्षं."

"तेव्हा मला दात होता," ताई म्हणाली.